चार वाजून पाच मिनिटं

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, आणि ज्याला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. वीस वर्षांचा असताना मी एका म्हाताऱ्या बाईला फोनवर सांगितलं की माझी डिस्क खराब निघाली, तिच्यावर काहीच आलं नाही. डिस्क खराब नव्हती. मी हे बोलत होतो तेव्हा ती माझ्या शर्टाच्या खिशात होती, आणि तिच्यावर त्या बाईचा नातू बेचाळीस मिनिटं गात होता. त्या बेचाळीस मिनिटांची किंमत काय, हे मला त्या क्षणी पूर्ण ठाऊक होतं. नंतर कळलं असतं तर बरं झालं असतं, पण तसं नव्हतं.

आम्ही नागपूरचे. मी चौदा वर्षांचा असताना बाबांना अटलांटात नोकरी लागली आणि शहराच्या उत्तरेला एका अपार्टमेंटमध्ये, दुसऱ्या मजल्यावर, आमचं बिऱ्हाड थाटलं गेलं. विमानात प्रत्येकाला दोनच बॅगा. आईनं एकीत कुकर, पोळपाट आणि सहा महिन्यांचं तिखट भरलं. बाबांनी त्यांच्या एका बॅगेत कपड्यांऐवजी कॅसेट भरल्या. त्यावरून दोघांचं जे वाजलं ते मुंबईच्या विमानतळापर्यंत वाजत होतं. बाबा तरुणपणी नागपुरातल्या इंदोरा वस्तीत राहायचे. वस्तीत, मैदानात, कोणाच्या लग्नाच्या मांडवात नवा भीमगीतं गाणारा आला, कव्वालीचा सामना लागला, की बाबा त्यांच्या मामांचा टेपरेकॉर्डर खांद्याला लावून तिथे हजर. नावाजलेल्यांच्या कॅसेट बाजारात मिळायच्याच. बाबांना हौस होती ती अजून नाव न झालेल्यांची. त्यांचे दोन नियम होते. माइकचं तोंड गाणाऱ्याकडे अर्धं आणि लोकांकडे अर्धं ठेवायचं, कारण लोक कुठे ओरडले ते कळलं नाही तर गाणं अर्धंच कळतं. आणि बटण दाबलं की सगळ्यांत आधी स्वतः बोलायचं: आज वार कोणता, तारीख काय, किती वाजले, जागा कोणती, गाणार कोण. त्यांच्या प्रत्येक कॅसेटची सुरुवात त्यांच्या त्या कोवळ्या, घाईच्या आवाजानं होते. कव्हरवर निळ्या शाईत तेच पुन्हा लिहिलेलं, आणि शेवटी शेरा: आवाज स्वच्छ, आवाज बरा, किंवा एका कॅसेटवर, आवाज नाही पण माणूस मोठा.

‘हे वेळ-बिळ कायले बोलता?’ मी एकदा विचारलं होतं.

‘उद्या कोणी म्हटलं असं काही झालंच नाही, तर?’ बाबा म्हणाले. ‘आपल्या लोकांचं लिहून ठेवायला दुसरं कोणी येत नाही. आपणच बोलून ठेवावं.’

मला त्या घरात बसवत नसे. हे आईबाबांमुळे नव्हे. घर प्रेमाचं होतं, सकाळी अगरबत्तीचा आणि कांद्याच्या फोडणीचा वास एकत्र यायचा, रविवारी मटण असायचं. पण आमचं सगळं आयुष्य एका अर्जावर टेकलेलं होतं. बाबांच्या ग्रीन कार्डाचा अर्ज सहा वर्षं चालला होता. सोफा घ्यायचा? कार्ड आल्यावर. नागपूरला जायचं? कार्ड आल्यावर. त्यातून माझी एक वेगळीच अडचण: एकवीस पूर्ण व्हायच्या आत कार्ड आलं नाही तर मुलगा म्हणून बाबांच्या अर्जात असलेलं माझं नाव गळणार होतं. आई माझ्या वाढदिवसाला केक कापताना गप्प व्हायची. मी कॉलेजमधून येऊन पुस्तक उघडायचो, पाय हलत राहायचा, आणि मग गाडीची किल्ली घेऊन निघायचो. ‘लायब्ररीत जातो.’ आमची जुनी कोरोला दक्षिणेकडे वळायची, आणि शहराच्या पलीकडे जिथे स्टेशन स्पष्ट लागायचं तिथे रेडिओवर ती गाणी सुरू व्हायची.

ती गाणी म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतला रॅप. आज ती सगळीकडे आहेत. आमच्या इथल्या मंडळाच्या गणपतीत मुलं त्यांच्यावर नाचतात आणि काकू मंडळी टाळ्या वाजवतात. तेव्हा तसं नव्हतं. न्यूयॉर्कवाल्यांना ही पोरं गावंढळ वाटायची. शब्द लांबवून बोलतात, अर्धे गिळतात, ढोल मोठा आणि डोकं लहान, असं कॉलेजातली न्यू जर्सीची मुलं म्हणायची. मी दीड वर्ष पुण्यात मावशीकडे शाळेत होतो, आणि तिथे मी ‘काय करून राहिला’ म्हटलं की सगळा वर्ग हसायचा. त्यामुळे मला या पोरांची बाजू घ्यायला कोणी शिकवावं लागलं नाही. ज्यांची मोठी नावं झाली त्यांच्या मागे मी गेलो नाही. मला हवे होते ते ज्यांचं नाव पुढच्या वर्षी होणार होतं. ते मोठ्या सभागृहांत नसायचे. शनिवारी दुपारी स्केटिंग रिंकमध्ये, गाड्या धुण्याच्या आवारात, कॅसेट-सीडीच्या दुकानात शेल्फ बाजूला सरकवून केलेल्या जागेत, आणि रविवारी फ्ली मार्केटमध्ये ते गायचे. फ्ली मार्केट म्हणजे एका जुन्या गोदामात भरणारा आठवडी बाजार. एका बाजूला दातांवर बसवायच्या सोन्याच्या पट्ट्या करणारा, दुसऱ्या बाजूला टीशर्टवर फवाऱ्यानं नाव रंगवणारा, मध्ये तळलेल्या माशांचा वास, आणि त्या सगळ्यात टेबलांवर फळ्या टाकून केलेलं स्टेज. मी उन्हाळ्यात कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये भांडी घासून एक मिनीडिस्क रेकॉर्डर घेतला होता, तळहाताएवढा, कॅसेटऐवजी छोट्या डिस्कवर आवाज उतरवणारा. त्याचा माइक मी कॉलरला लावायचो आणि अंग थोडं वळवून उभा राहायचो, अर्धा स्टेजकडे, अर्धा लोकांकडे. बटण दाबलं की तोंड कॉलरशी नेऊन मराठीत पुटपुटायचो: आज शनिवार, तारीख अमुक, दोन वाजून चाळीस मिनिटं. कोणी शिकवलं म्हणून नव्हे. टेप अशीच सुरू होते असं मला वाटायचं.

टेरेलची आणि माझी ओळख त्या पुटपुटण्यानंच झाली. रिंकमध्ये त्याचं गाणं संपल्यावर तो सरळ माझ्यासमोर आला. माझ्याच वयाचा, उंच, पुढच्या दोन दातांत फट, गळ्यात टॉवेल.

‘कॉलरशी कोणाशी बोलत होतास? पोलीस आहेस?’

‘नाही.’

‘मग काय आहेस?’

‘कॉम्प्युटर सायन्स,’ मी म्हणालो.

तो इतका हसला की टॉवेल पडला. मी त्याला गाडीत नेऊन रेकॉर्डिंग ऐकवलं. आपलाच आवाज ऐकताना तो आधी तोंड वाकडं करत होता. मग दुसऱ्या गाण्यात रिंकमधल्या पोरी त्याच्या आधी त्याची ओळ म्हणतात ते आलं, आणि तो थांबला. ‘हे मला तिथे ऐकूच आलं नव्हतं,’ तो म्हणाला. ‘त्यांना पाठ आहे.’ त्यानं ते सहा वेळा ऐकलं. त्या दिवसापासून त्यानं मला टेप म्हणायला सुरुवात केली. मिलिंद हे नाव त्याला येत होतं, चांगलं येत होतं. पण टेपच म्हणायचा. स्टेजवरचं त्याचं नाव कडझू. आमच्या जॉर्जिया राज्यात रस्त्याच्या कडेला झाडं, खांब, पडकी घरं, सगळं झाकून टाकणारी एक वेल आहे, तिचं ते नाव. ‘कापा, जाळा, सोमवारी परत,’ असं तो लोकांना सांगायचा आणि लोक ‘सोमवारी परत’ असं उत्तर द्यायचे.

तो आजीकडे राहायचा. तिला सगळे मिस अर्लीन म्हणत. तिच्या स्वयंपाकघरात मी पहिल्यांदा मक्याच्या पिठात घोळून तळलेली भेंडी खाल्ली, आणि इतके दिवस आपली आई भेंडीवर अन्याय करत होती की काय असं वाटून गेलं. तासन्‌तास शिजवलेली पालेभाजी असायची, तिचा आंबटसर रस्सा ती वाटीत वेगळा द्यायची. ‘पी, बेबी. ताकद तळाशी असते.’ मी एकदा आईनं केलेली सांभारवडी, आमच्याकडची कोथिंबीर भरलेली तिखट वडी, डब्यात नेली, लायब्ररीतल्या मित्रांसाठी म्हणून. मिस अर्लीननं एक खाल्ली, डोळ्यांत पाणी आलं, पाणी प्यायली, आणि म्हणाली, ‘तुझ्या आईला सांग, एवढं तिखट करणारीला माझं चर्च आवडेल.’ मी आईला काय सांगणार होतो?

माझ्या डिस्कवरून मी सीडी करून द्यायचो आणि टेरेल त्या गाडीच्या डिकीतून विकायचा. गर्दीच्या आवाजासकट. स्टुडिओतल्या त्याच्या सीडीपेक्षा या जास्त खपायच्या. त्यातली एक कोणा रेकॉर्ड कंपनीच्या माणसाच्या हातात पडली. त्यानं निरोप पाठवला की तो स्वतः येऊन ऐकणार आहे, आणि पुढच्या महिन्यात कागदावर सही करायची बोलणी सुरू झाली. टेरेलनं हे मला सांगितलं तेव्हा तो बोलता बोलता गाडीभोवती चालत होता. मीही चालत होतो. आम्हा दोघांनाही स्थिर उभं राहता येत नव्हतं, बहुधा त्यामुळेच आमचं जमलं.

बाबांनी एक डिस्क ऐकली होती. मी खोलीत हेडफोन काढून ठेवला होता, ते चहा घेऊन आले आणि त्यांनी सहज तो कानाला लावला. मी जागचा हललो नाही. सुरुवातीला माझा पुटपुटण्याचा आवाज. बाबांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पुन्हा कधी पाहिलं नाही, कार्ड आलं त्या दिवशीसुद्धा नाही. मग गाणं सुरू झालं.

‘हा गाऊन राहिला का भांडून राहिला बे?’

‘दोन्ही.’

‘ढोल चांगला आहे.’ थोडा वेळ ऐकून म्हणाले, ‘लोक घेतलेस ते बरं केलंस. वेळ सांगितली तेही बरं. आवाज स्वच्छ आहे.’ कुठे रेकॉर्ड केलंस, हे त्यांनी विचारलं नाही. मी कॉलेजचा कार्यक्रम म्हणणार होतो, उत्तर तयार होतं.

आता तो रविवार. फ्ली मार्केटमध्ये टेरेलचा कार्यक्रम होता आणि रेकॉर्ड कंपनीचा माणूस येणार, असं सगळे म्हणत होते. तो आला नाही. पण टेरेल असा गायला की तो आला नाही हे शेवटी कोणाच्या लक्षात राहिलं नाही. मी बटण दाबून कॉलरशी बोललो: आज रविवार, तारीख, चार वाजून पाच मिनिटं, जागा फ्ली मार्केट, गाणार कडझू. त्यानं स्टेजवर आल्या आल्या स्वतःचं पूर्ण नाव, आजीचं नाव, रस्त्याचं नाव सांगितलं, तो नेहमी सांगायचा. तिसऱ्या गाण्याच्या मध्येच माझा फोन वाजला. शनिवार-रविवारी मोबाइलची मिनिटं फुकट असायची म्हणून आई त्याच दोन दिवशी फोन करायची. मी रेकॉर्डर बंद करायला हवा होता. पण टेरेल इतका रंगात होता की मला एक सेकंदही गमवायचा नव्हता. मी हात फोनवर धरून बोललो आणि ते सगळं डिस्कवर आलं.

‘कुठी आहेस रे?’

‘लायब्ररीत.’

‘एवढा गोंगाट कायचा आहे?’

‘बाहेर बांधकाम चालू आहे.’

‘रविवारी बांधकाम?’

‘अमेरिका आहे, आई.’

‘बरं. येताना भेंडी आण. कोवळी बघून आण, मागच्यासारखी जून नको.’

मागे टेरेल विचारतोय, सोमवारी काय, आणि तीनशे माणसं सांगतायत, परत.

आठ-दहा दिवसांनी टेरेलला अटक झाली. त्या रविवारी, चार वाजून वीस मिनिटांच्या सुमारास, तिथून चाळीस मैलांवरच्या एका गावात मोबाइलच्या दुकानात कोणी तरी पिस्तूल दाखवून लुटालूट केली होती. दुकानातल्या मुलानं फोटोंमधून टेरेलवर बोट ठेवलं. टेरेलच्या नावावर आधीची एक लहानशी केस होती, गांजाची, म्हणून त्याचा फोटो पोलिसांकडे होता. बाजारात तीनशे लोकांनी त्याला पाहिलं होतं हे खरं, पण तिथे दर रविवारी कोणी ना कोणी गायचंच. मालक म्हणाला, हा इथे गातो, पण त्या रविवारी गायला की आधीच्या, मी शपथेवर सांगू शकत नाही. टेरेलबरोबर स्टेजवर असलेल्या दोन पोरांच्या नावावर त्याच्याहून मोठ्या केसेस होत्या. त्यांचं कोण ऐकणार? सरकारनं दिलेला वकील हातात वीस फायली घेऊन फिरणारा. त्यानं मिस अर्लीनला विचारलं, काही कागद आहे, फोटो आहे, काही तरी, ज्यावर वार आणि वेळ आहे?

तिनं मला फोन केला. ‘बेबी, तू त्या दिवशी टेप करत होतास ना?’

‘हो, मिस अर्लीन. शोधतो.’

शोधायचं काहीच नव्हतं. डिस्क टेबलावर होती. नुसती मी सांगितलेली वेळ कोणी मानली नसती, ती नंतरही बोलता येते. पण आईचा फोन होता. महिन्याच्या बिलात तो छापून येणार होता: रविवार, चार बावीस, किती मिनिटं. आणि त्याच मिनिटाला मागे टेरेलचा आवाज. मी वकील नव्हतो, तरी एवढं मला दिसत होतं. जगात ही एकच वस्तू होती, आणि ती उलगडून सांगायला मराठी येणारा एकच माणूस लागणार होता: मी.

त्या आठवड्यात आमच्या लोकांची बुद्धवंदना मेश्राम काकांच्या घरी होती. काका वीस वर्षं अमेरिकेत, आणि व्हिसा, कार्ड, वकील या विषयांत सगळे त्यांचाच शब्द मानायचे. वंदना झाली, खीर झाली, आणि ते गॅरेजमध्ये खुर्च्या घडी करून ठेवत असताना मी त्यांना गाठलं. माझ्या एका मित्राची गोष्ट म्हणून विचारलं: ग्रीन कार्डाच्या मुलाखतीच्या आधी कोर्टात साक्ष दिली तर?

काकांनी हातातली खुर्ची खाली ठेवली. ‘कशाची केस?’

‘दरोडा. पण मित्र नुसता साक्षीदार.’

‘तुझ्या मित्राला सांग, साक्षीदार असो की तमाशा बघायला उभा असो, पोलिसांच्या कागदावर नाव आलं की ते कॉम्प्युटरमध्ये जातं. मुलाखतीत विचारतात, कधी कोर्टात गेलात का? हो म्हटलं की फाइल बाजूला. सहा वर्षं अजून.’ मग आवाज उतरवून म्हणाले, ‘मित्राचं वय काय?’

‘वीस.’

‘महिने किती राहिले?’

‘चार.’

त्यांनी खुर्ची उचलून भिंतीला लावली. ‘त्याला म्हणावं, कार्ड हातात येऊ दे. मग काय करायचं ते कर.’

काका चुकीचं सांगत होते, पण खोटं सांगत नव्हते. आम्ही सगळे असंच समजून होतो. एकानं दुसऱ्याकडून ऐकलेलं, दुसऱ्यानं कोणाच्या मेव्हण्याकडून. खरा वकील गाठून एक प्रश्न विचारावा, असं आमच्यातल्या कोणाला सुचत नसे. वकिलाला विचारणं म्हणजेच काही तरी लपवायचं आहे असं दिसेल, ही भीती. काकांचा मी राग धरत नाही. मी त्यांच्याकडे गेलो तो उत्तर माहीत असल्यामुळेच गेलो.

मिस अर्लीनचा दुसरा फोन दुपारी आला. मी कॉलेजच्या पार्किंगमध्ये गाडीत होतो. ‘सापडली का, बेबी?’ मी म्हणालो, डिस्क खराब निघाली, काहीच आलं नाही. पलीकडे पंख्याचा आवाज येत होता. मला वाटलं ती काही विचारेल. पुन्हा बघतोस का, कोणाला दाखवतोस का. विचारलं असतं तर कदाचित. ती म्हणाली, ‘बरं. तुला उगाच त्रास दिला. अभ्यास चाललाय ना?’

त्यानंतर घरच्या फोनवर टेरेलचे फोन येऊ लागले. तुरुंगातला फोन मोबाइलवर लागत नसे आणि घरचा नंबर मीच त्याला दिला होता. आधी एका बाईचा यांत्रिक आवाज यायचा, अमुक ठिकाणच्या कैद्याचा फोन आहे, आणि मग मधल्या रिकाम्या जागेत त्यानं भरलेला स्वतःचा आवाज: टेरेल. एवढाच शब्द. मग, स्वीकारायचा असेल तर एक दाबा. पहिल्या वेळी मी फोन ठेवला. दुसऱ्या वेळी आईनं उचलला आणि जाहिरात समजून ठेवून दिला. तिसऱ्या वेळी मी टेबलाशी जेवत होतो आणि बाबांनी उचलला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

‘कोण टेरेल?’

‘माहीत नाही. राँग नंबर असेल.’

बाबांनी फोन हातात धरला होता, खाली ठेवला नव्हता. ‘तुझ्याकडे बघून राहिलो मी,’ ते म्हणाले. मी पोळी मोडत राहिलो. काही वेळानं पलीकडची लाइन आपोआप बंद झाली.

चौथा फोन आला नाही. वकिलानं टेरेलला सांगितलं होतं की पुराव्याशिवाय खटला चालवला तर वीस वर्षं, कबूल केलं तर आठ. त्यानं न केलेला गुन्हा कबूल केला. हे मला रिंकच्या मालकाकडून कळलं. त्याच महिन्यात आमची मुलाखत झाली. अधिकारी बाई हसतमुख होत्या, त्यांनी बाबांना हवामानाबद्दल विचारलं आणि मला काहीच विचारलं नाही. एकवीस पूर्ण व्हायला पाच आठवडे असताना कार्डं आली. आईनं पुरणपोळ्या केल्या, मेश्राम काका आले, त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तो जरा जास्त वेळ ठेवला.

आजवर मी स्वतःशी ही गोष्ट इथेच थांबवत आलो. पोरगा होता, घाबरला, घर वाचवलं. पण कार्ड हातात आल्यावर भीतीचं कारण संपलं होतं आणि टेरेल आतच होता. कबुली दिल्यावरही पुरावा नेता येतो एवढं मला इंटरनेटवर सापडलं होतं. मी एका दुपारी डिस्क आणि फोनचं बिल घेऊन त्या वकिलाच्या ऑफिससमोर गेलोसुद्धा. गाडी लावली. आत जाऊन काय सांगायचं ते मनात जुळवलं, आणि पहिलाच प्रश्न आला: मग तेव्हा का नाही आणलीस? त्या प्रश्नाला मला उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, पण ते मोठ्यानं बोलावं लागलं असतं. मी चाळीस मिनिटं बसलो, इंजिन चालूच होतं, आणि परत आलो. येताना भेंडी आणली. डिस्क बाबांच्या कॅसेटच्या पेटीत, अगदी तळाशी टाकली. पुन्हा एकाही कार्यक्रमाला गेलो नाही. रेकॉर्डर बरेच दिवस घरातच पडून होता, मग कोणाला तरी देऊन टाकला.

पुढे नोकरीसाठी मिशिगनला आलो, लग्न झालं, तिथेच नोव्हाय गावी घर घेतलं. नागरिकत्वाचा अर्ज भरताना मी तिथल्या वकीलबाईंना, पुन्हा एका मित्राच्या नावानं, विचारलं की साक्षीदार म्हणून कोर्टात गेलं तर काही अडतं का. त्यांनी कागदावरून मान वर न करता सांगितलं, ‘का अडेल? साक्ष देणं चांगलंच ना.’ आणि पुढचं पान उलटलं.

तीन वर्षांपूर्वी बाबा गेले. पेटी आईनं माझ्याकडे पाठवली. मी ती हिवाळाभर उघडली नाही. मग एका शनिवारी सगळ्या कॅसेट जेवणाच्या टेबलावर मांडल्या, आणि तळाशी ती डिस्क निघाली. मी ती उघडीच टाकली होती. आता ती एका कागदी पाकिटात होती आणि पाकिटावर निळ्या शाईत बाबांचं अक्षर होतं: रविवार. तारीख. चार वाजून पाच मिनिटं. बाजारातला कार्यक्रम. गाणार कडझू, खरं नाव टेरेल. आवाज स्वच्छ.

खरं नाव टेरेल. म्हणजे त्यांनी पूर्ण ऐकली होती. लायब्ररी, बांधकाम, भेंडी, सगळं. आणि फोनवरचं ते एक नाव त्यांना आठवलं असणारच. बाबा नावं विसरत नसत. कधी ऐकली, मला माहीत नाही. केसचं त्यांना काही कळलं होतं का, मला माहीत नाही. त्यांनी कधी विचारलं नाही. मला वाटतं ते मी सांगायची वाट बघत होते, पण हेही मी आता माझ्या सोयीनं म्हणत असेन.

टेरेल सहा वर्षांनी सुटला. मिस अर्लीन त्याआधीच गेली होती. तो आता जॉर्जियातच, मेकन गावी, एसी दुरुस्तीचं काम करतो. इंटरनेटवर त्याचा फोटो सापडला: व्हॅनवर त्याचं नाव आहे, दातांतली फट तशीच आहे. गाणं कुठे सापडलं नाही. तो दरोडा अजून त्याच्या नावावर आहे, आणि तशी केस नावावर असलेल्या माणसाला कुठे कुठे ‘नाही’ ऐकावं लागतं ते मी वाचलेलं आहे. व्हॅनवर फोन नंबर आहे. मी तो लावलेला नाही.

हे प्रकरण मी मराठीत लिहिलं, कारण मला मराठीत लिहिता येतं, हे एक. दुसरं, टेरेलला ते वाचता येणार नाही. दुसरं कारण मी पाच-सहा पानं लिहून झाल्यावर ओळखलं, आणि ते पुसून टाकावंसं वाटलं म्हणूनच इथे ठेवतो आहे. डिस्क माझ्यासमोर टेबलावर आहे, बाबांच्या पाकिटात, आणि त्या महिन्याचं फोनचं बिलही आहे. मी टेरेलला ही डिस्क देणं लागतो, तिच्यावर कोर्टात साक्ष देणं लागतो, आणि त्याआधी त्याला त्याच्या भाषेत एक वाक्य सांगणं लागतो, की ती पहिल्या दिवसापासून माझ्याकडे होती. यातलं मी अजून काहीच केलेलं नाही.